फोटो कोणाच्या मालकीचा, ते आधी ठरवा

वाचकाचं पत्र: मी २७ वर्षांची, बडोद्याच्या रावपुऱ्यात राहते. चार वर्षं एका स्टुडिओत प्रॉडक्ट फोटोग्राफीची नोकरी करते, लग्नसराईत बाहेरची कामं घेते. सुट्टीच्या दिवशी विश्वामित्री नदीतल्या मगरी आणि वढवाणा तलावावरचे पक्षी टिपते. शिल्लक ३ लाख रुपये आहे. नोकरी सोडून निसर्ग, डॉक्युमेंटरी आणि सिनेमाच्या सेटवरचं स्टिल्सचं, म्हणजे प्रसिद्धीच्या स्थिर फोटोंचं, काम करायचं मनात आहे. यातलं कोणतं निवडू? ६०० एमएमची लेन्स कर्ज काढून घेऊ का? एका गुजराती चित्रपटासाठी २० दिवस स्टिल्स काढायला बोलावलंय, पैसे नाहीत, फक्त नाव देणार. एका कंपनीला माझा मगरीचा फोटो कॅलेंडरसाठी ‘सर्व हक्कांसह’ हवाय. आई म्हणते, पगार सोडू नकोस.

नमस्कार,

तुमचे सगळे प्रश्न एका गोष्टीपाशी येऊन थांबतात: तुम्ही काढलेला फोटो कायद्याने कोणाचा होतो? ते कळलं की कोणतं काम किती पैशाला घ्यायचं, कर्ज कशासाठी काढायचं नाही आणि नोकरी कधी सोडायची, हे ठरवणं सोपं जातं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे फोटो काढणारी व्यक्ती ही त्याची पहिली मालक. पण त्याच कलमात दोन मोठे अपवाद आहेत. कोणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसताना मालकी त्या माणसाची. आणि नोकरीचा भाग म्हणून काढला, तर मालकी नोकरी देणाऱ्याची. विश्वामित्रीच्या पुलावरून रविवारी स्वतःच्या कॅमेऱ्याने, कोणी न सांगता काढलेली मगर तुमची, आणि तो हक्क तुमच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षं टिकतो. सेटवर पैसे घेऊन काढलेले स्टिल्स निर्मात्याचे. डॉक्युमेंटरीचं काम या दोहोंच्या मध्ये पडतं: संस्थेने पैसे देऊन बोलावलं तर संस्थेचं, तुम्ही स्वतःहून केलं तर तुमचं, आणि काम सुरू होण्याआधी दोन ओळी लिहून घेतल्या तर दोघांचं भलं होतं.

एक गोष्ट आजच तपासा. स्टुडिओचं नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरीच्या काळात केलेलं ‘कोणतंही छायाचित्रण’ स्टुडिओचं, असं वाक्य काही पत्रांत असतं. तसं असेल तर कॅलेंडरवाल्या कंपनीशी पुढे बोलण्याआधी मालकाकडून एका ओळीची लेखी मुभा घ्या.

म्हणजे तिन्हींपैकी एक निवडायची गरज नाही, पण तिन्हींकडून सारखीच अपेक्षाही ठेवू नका. स्टिल्स आजचा पैसा देतात आणि फोटो घेऊन जातात, म्हणून तिथे दिवसाचा दर पुरेपूर हवा. निसर्गाचं काम आज फारसं देत नाही, पण फोटोंचा साठा तुमचा राहतो. ज्या महिन्यात सेटचं काम असेल त्या महिन्यात घर चालवा, उरलेल्या दिवसांत स्वतःच्या मालकीचा साठा वाढवा. या धंद्यात वर्षानुवर्षं टिकणारी माणसं साधारण अशीच जगतात.

आता चित्रपट. २० दिवस फुकट जाऊ नका. स्टिल्सचे फोटो पोस्टर, वृत्तपत्रं, ओटीटीवरचं छोटं चित्र, समाजमाध्यमं सगळीकडे वापरले जातात. चित्रपट विकण्याचं ते साहित्य आहे आणि बजेटात त्याला जागा असते. पैसे न देणाऱ्यांच्या मसुद्यातही ‘सर्व हक्क निर्मात्याकडे’ ही ओळ असतेच; म्हणजे मेहनतही जाते आणि फोटोही. तुम्हाला सेटचा अनुभव नाही हे खरं, म्हणून कमी दिवसांचं काम मागा: तीन महत्त्वाचे दिवस, ठरलेल्या दरात. त्यांनाही तुमचं काम पाहायला मिळेल.

अनुभव मिळवायची जागा बडोद्यातच आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विभागातली नाटकं आणि शहरातल्या मराठी हौशी मंडळांच्या रंगीत तालमी. दिग्दर्शकाची परवानगी घेऊन रंगीत तालमीला जा. फ्लॅश नाही, आवाज नाही, प्रकाश दर मिनिटाला बदलतो, आणि नटाच्या नजरेसमोर उभं राहायचं नाही. सेटवर नेमकं हेच लागतं. चार-पाच तालमी झाल्या की दाखवायला २० फोटो तयार होतात.

सेटवर पहिली अडचण शटरची येते. टेक चालू असताना ‘खट्’ आवाज झाला की साउंड रेकॉर्डिस्ट तुम्हाला बाहेर काढेल, आणि त्याचं बरोबरच असेल. मिररलेस कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक शटर निःशब्द असतं, पण त्याच्या दोन खोडी आहेत. सेन्सर एकदम न वाचता ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे वेगाने फिरणारा हात किंवा धावणारा माणूस तिरका होतो. आणि दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकत असले तर फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे उमटतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंदाला ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. सिनेमाचे मोठे दिवे सहसा लुकलुकत नाहीत. त्रास देतात ते दृश्यातच दिसणारे दिवे, म्हणजे दुकानाची ट्यूब, देवघरातली एलईडी माळ, साइनबोर्ड. प्रकाशयोजना चालू असतानाच त्या दिव्यांचे दोन-चार फोटो काढून मोठे करून पाहा. टेक सुरू झाल्यावर कळून उपयोग नाही.

कॅमेऱ्याचा बीप, फोकसचा लाल दिवा, फोटोनंतर स्क्रीनवर उमटणारं चित्र, तिन्ही बंद. कपडे काळे किंवा गडद, कारण पांढरा कुर्ता गाडीच्या काचेत आणि नटाच्या चष्म्यात दिसतो. बूट मऊ तळव्याचे. पट्ट्याची कडी वाजत असेल तर तिच्यावर कापडी टेप लावा.

उभं कुठे राहायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. सिनेमाच्या कॅमेऱ्याच्या भिंगाच्या जितकं जवळ जाल तितकी चौकट दिग्दर्शकाच्या मनातल्या चित्रासारखी येते. पण तिथे फोकस सांभाळणारा फोकस पुलर, ऑपरेटर, ट्रॉली ढकलणारे आणि माइकची काठी (बूम) धरणारा आधीच असतात. पहिल्या दिवशी छायालेखकाला आणि फर्स्ट असिस्टंट डायरेक्टरला (फर्स्ट एडी) भेटून विचारा: ‘मी इथे उभी राहिले तर चालेल?’ नट ज्या दिशेने पाहून संवाद म्हणतो, त्या रेषेत कधीही उभं राहायचं नाही. ताकदीच्या प्रसंगात नटाची नजर एका अनोळखी चेहऱ्यावर अडखळली तर तो टेक वाया जातो.

तालमीत फोटो काढा, पण पोशाख पूर्ण असेल आणि दिवे शेवटचे लागले असतील तेव्हाच. नाहीतर राणीच्या पायात रबरी चप्पल आणि जमिनीवर खुणेची टेप असलेले शंभर फोटो जमतात, जे कोणी वापरत नाही. जी दृश्यं पोस्टरसाठी लागणारच आहेत ती पटकथा वाचून आधीच लिहून ठेवा. त्या शॉटनंतर फर्स्ट एडीकडे ‘स्टिल्ससाठी अर्धा मिनिट’ मागा. हा अर्धा मिनिट दिवसातून दोन-तीनदाच मिळतो, म्हणून तो कुठे खर्च करायचा हे आधी ठरलेलं हवं. जवळिकीच्या दृश्यांत सेट बंद असतो. बोलावल्याशिवाय आत जाऊ नये.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगछटेची जुळवणी, ऑटोवर ठेवू नका. छायालेखकाने कॅमेरा ३२०० केल्विनवर ठेवला असेल तर तुमचाही ३२०० वर. त्याने मुद्दाम निळसर ठेवलेली रात्र तुमच्या ऑटोने पिवळी केली तर चित्रपट आणि पोस्टर वेगळे दिसतील. चौकटीत एका बाजूला शीर्षकासाठी रिकामी जागा सोडलेले काही फोटो, आणि प्रत्येक महत्त्वाच्या दृश्याचा एक उभा फोटो. मार्केटिंगवाले हेच मागतात आणि हेच बहुतेकांकडे नसतं.

फाइली साठवण्याचं गणित असं. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबी. दिवसाला ८०० फोटो धरले तर २० दिवसांत १६,००० फोटो, म्हणजे साडेचारशे जीबीच्या आसपास. त्यासाठी १ टीबीच्या दोन डिस्क, आणि दोन्ही एकाच पिशवीत नकोत. रोज रात्री दोन्हींवर उतरवा, फाइलींची संख्या कार्डाशी जुळवा, मग पाच-सहा फोटो उघडून पाहा. हे होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. बहुतेक फोटो कार्ड खराब झाल्याने जात नाहीत. थकलेल्या माणसाने चुकीचं कार्ड पुसल्याने जातात. भरलेलं कार्ड पेटीत उलटं ठेवायची सवय लावा. फाइलीच्या माहितीत दृश्याचा क्रमांक क्लॅपवरून लिहा. आणि सेटवरचा एकही फोटो मोबाइलवर घेऊ नका; चित्रपटाआधी एक चेहरा बाहेर फुटला तर पुढचं काम संपतं.

करारात काय हवं? दिवस किती, शिफ्ट किती तासांची, त्यापुढचा दर, बाहेरगावी राहणं-जेवण. पोस्टरचं वेगळं शूट असेल तर त्याचे वेगळे पैसे. एक तृतीयांश रक्कम सहीच्या वेळी, एक तृतीयांश निम्म्यावर, उरलेली डिस्क देताना. डिस्क दिल्यावर पैसे मागणं फार अवघड जातं. प्रदर्शनानंतर ठरावीक फोटो स्वतःचं काम म्हणून दाखवायची लेखी मुभा. श्रेयनामावलीत नाव. रात्री उशिरा सुटल्यावर घरापर्यंत प्रॉडक्शनची गाडी, हेही लिहून घ्या. यात संकोच करू नका. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली सेट हे कामाचं ठिकाण आहे, आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. समितीत कोण आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

नावाचं महत्त्व तुम्हाला वेगळं सांगायला नको, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या शहरात तुम्ही राहता. त्यांची सुरुवातीची छायाचित्रं पतीच्या नावाखाली छापली गेली होती. म्हणून नाव मागाच, पण नाव हा मेहनतान्याचा पर्याय समजू नका.

आता मगरी आणि लेन्स. ६०० एमएम एफ/४ ची किंमत दहा लाखांच्या पुढे आहे. निसर्गाच्या फोटोंतून तिचे हप्ते पहिल्या तीन-चार वर्षांत निघणार नाहीत. वापरलेली १००-४०० किंवा १५०-६०० पुरे. चांगल्या सहलीसाठी मोठी लेन्स भाड्याने घ्या. वढवाण्यात लोकांचे फोटो मऊ येतात त्याला बरेचदा लेन्स कारणीभूत नसतेच. हिवाळ्यात थंड पाणी आणि तापू लागलेली जमीन यांच्यावरची हवा थरथरते, आणि तिच्यातून २०० मीटरवरचा पट्टकादंब हंस कोणत्याही भिंगातून धूसरच दिसणार. उपाय दोनच: सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास, आणि कमी अंतर. उडत्या बदकांना १/२००० शटर, आयएसओ ऑटो आणि त्याला वरची मर्यादा. कॅमेरा जितका पाण्याच्या पातळीजवळ तितकी पार्श्वभूमी मऊ. बांधावर उभं राहून खाली रोखलेला कॅमेरा पक्ष्याला चिखलात चिकटवतो.

पण वढवाण्याचे चांगले फोटो शेकडो जणांकडे आहेत. १९१० च्या सुमाराला बडोदा संस्थानाने सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला आणि गर्दी वाढली. तुमच्या हातातली खरी संधी घराजवळ आहे. भरवस्तीतून वाहणाऱ्या नदीत मगरी राहतात, अशी शहरं जगात मोजकीच. हिवाळ्यात त्या काठावर उन्हाला येतात, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालतात, पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर पडतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या. त्यात सांडपाणी, कचरा, काठावर धुणं धुणाऱ्या बायका, मगर पकडून सोडणारे स्वयंसेवक आणि वनखात्याचे कर्मचारी जोडा. एकट्या मगरीचं पोर्ट्रेट एखाद्या कॅलेंडरला जातं; दोन वर्षांत चारही ऋतूंत जमवलेली २५ फोटोंची मालिका मासिकांना, संस्थांना, संग्रहालयाला हवी असते. आणि तिची मालक तुम्ही.

मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. आमिष टाकणं, दगड मारून हलवणं, घरट्याजवळ जाणं हे गुन्ह्याच्या जवळ नेणारे प्रकार आहेत. मादी घरट्यापाशी असताना लांब लेन्सही लांबूनच वापरा, आणि फाइलीतलं जीपीएस ठिकाण प्रसिद्धीआधी पुसा. जांबुघोड्यासारख्या अभयारण्यात पर्यटक म्हणून फोटो काढणं वेगळं, व्यावसायिक चित्रणासाठी वनखात्याची स्वतंत्र परवानगी लागते. चांपानेरच्या स्मारकांत ट्रायपॉड किंवा व्यावसायिक शूटसाठी पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करावा लागतो. ही पत्रं फोटोंच्या फोल्डरमध्येच ठेवा. तीन वर्षांनी प्रकाशक विचारतो तेव्हा ती सापडली नाहीत, तर फोटो पडून राहतो.

डॉक्युमेंटरीसाठी बडोद्याचे चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट यांचं काम जाऊन पाहा. साठच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी गुजरात-राजस्थानातल्या गावांमधली भिंतीवरची आणि अंगणातली चित्रं टिपली. मातीच्या भिंती जाऊन सिमेंट आलं तसं त्या फोटोंचं मोल वाढत गेलं. तुम्हाला छोटा उदेपूर जवळ आहे. राठवा आदिवासींच्या घरातलं पिठोरा हे भित्तिचित्र नवस फेडण्यासाठी काढलं जातं. ते काढणारे लखारा, आणि विधी बडव्याच्या, म्हणजे पुजाऱ्याच्या हातात. घरमालक आणि बडवा दोघांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. आधी एक फेरी कॅमेऱ्याविना करा, पुढच्या खेपेला छापलेले फोटो त्यांना नेऊन द्या. संमतीपत्र गुजरातीत, वाचून दाखवून. मुलांसाठी पालकांची सही. वृत्तासाठीच्या वापराला संमती दिली म्हणजे जाहिरातीलाही दिली असं होत नाही, म्हणून दोन वेगळे चौकोन ठेवा. त्याच रात्री मथळा लिहा: कोण, कोणतं गाव, तारीख, काय चाललं आहे, नावाचा उच्चार कसा. आठवड्याने लिहिलेल्या मथळ्यात नावं चुकतात, आणि चुकलेलं नाव त्या माणसाला फार लागतं.

पैशाचं गणित समोर ठेवा. घरखर्चात तुमचा वाटा महिना २५,००० धरला तर वर्षाचे ३ लाख. साडेतीन लाखांचं सामान चार वर्षांत बदलायचं तर वर्षाला सुमारे ९०,०००. डिस्क, विमा, सॉफ्टवेअर, प्रवास ६०,०००. एकूण साडेचार लाख. पहिल्या वर्षी पैसे मिळणारे दिवस ९० च्या वर धरू नका, कारण प्रत्येक शूटच्या दिवसामागे एक दिवस संपादनाचा आणि एक काम शोधण्याचा जातो. म्हणजे दिवसाला ५,००० हा तुमचा तळ. त्याखाली गेलात तर शिल्लक खाऊ लागाल. दरपत्रकात तीन रकमा वेगळ्या लिहा: कामाचा मेहनताना, खर्च, आणि फोटो कुठे-किती काळ वापरणार त्याचे पैसे. ग्राहक घासाघीस करतो तेव्हा मेहनताना कमी करू नका, वापर कमी करा.

लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे, काम घेण्याआधीच करा. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात आणि उशीर झाला तर व्याज लागतं. बिलावर नोंदणी क्रमांक असला की हिशेब खात्याचं उत्तर बदलतं. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांखाली असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. टीडीएस कापला तर तो तुमच्या खात्यावर जमा झालाय का, हे दर तिमाहीला तपासा.

३ लाखांपैकी दीड लाखाला हात लावू नका. उरलेल्यातून वापरलेली निःशब्द शटरची दुसरी बॉडी, ३५ आणि ८५ एमएमच्या एफ/१.८ लेन्स, डिस्क आणि सामानाचा विमा. विमा घेताना ‘व्यावसायिक वापर’ हे शब्द पॉलिसीत आहेत का ते वाचा.

कॅलेंडरवाल्या कंपनीला ‘सर्व हक्क’ देऊ नका. त्यांना लिहा: एका वर्षाचं कॅलेंडर, ठरलेल्या प्रती, फक्त छापील, फक्त भारतात, इतरांनाही देण्याचा माझा हक्क राखून, फोटोखाली नाव. मुदत लिहायला विसरलात तर कायदा ती ५ वर्षं धरतो, म्हणून तारीख घालाच. त्यांना फोटो खरोखर हवा असेल तर या अटींवरही ते घेतील.

आईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. आजच पगार सोडू नका. स्टुडिओत आठवड्याचे चार दिवस मागून पाहा. चार वर्षं काम केलेली माणसं सहज मिळत नाहीत, ते ऐकतील असं वाटतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मगरी आणि पक्षी, होळीनंतर छोटा उदेपूरमधल्या कवांटचा मेळा, मधल्या काळात रंगीत तालमी आणि सेटचे तीन दिवस. सलग सहा महिने बाहेरच्या कामातून, खर्च वजा जाता, महिना २५,००० पडू लागले आणि हातात सहा महिन्यांचा खर्च असला, की मग राजीनामा द्या. चित्रपटवाल्यांना मात्र आजच उत्तर पाठवा: ‘बोलावल्याबद्दल आभार. २० दिवस विनामोबदला मला शक्य नाही. तुमच्या वेळापत्रकातले तीन महत्त्वाचे दिवस, दिवसाला इतक्या रुपयांत, करारासह करायला आवडेल. सोबत रंगमंचावरचे २० फोटो जोडते.’ फोटो तयार नसतील तर शेवटचं वाक्य गाळा, पण पहिली तीन तशीच ठेवा.